‘आमच्याकडे चालतंय’चे अकरा दिवस

आर्म सर्व्हर (इंटेलऐवजी आर्म जातीचा प्रोसेसर असलेला) कामाला लावण्याइतका भरवशाचा आहे का, एवढंच साहेबांना सांगायचं होतं. इन्स्टॉलेशन, पोस्टग्रेस डेटाबेस, वेब सर्व्हर सगळं एका दुपारी उरकलं. अडलं ते विकतच्या बिलिंग सॉफ्टवेअरपाशी. सुरू केलं की एकच ओळ, ‘जेमॅलॉक: अनसपोर्टेड सिस्टम पेज साइझ’, आणि खेळ खलास.

सॉफ्टवेअर कंपनीकडे तक्रारीचं तिकीट टाकलं. दोन दिवसांनी उत्तर: “सर, आमच्याकडे चालतंय.” लॉग पाठवला, परत तेच. मग “रीइन्स्टॉल करून बघा.” गणपतीची चवथ तोंडावर आलेली, मूर्तीवर टांगायच्या माटोळीचं सामान कधी आणणार म्हणून घरून फोन, आणि मी पणजीत पाटोवरच्या ऑफिसात तेच सॉफ्टवेअर चौथ्यांदा टाकतोय.

अकराव्या दिवशी उत्तराची वाट बघणं सोडलं आणि ती ओळच नीट वाचली. मेमरीच्या एका पानाचा आकार (पेज साइझ) बाइटमध्ये सांगणारी ‘गेटकॉन्फ पेजसाइझ’ ही कमांड दिली: 65536. शेजारच्या इंटेल मशीनवर 4096. रेड हॅट 8 या लिनक्सचा आर्म कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, मेमरीचं पान 64 केबीचं धरतो. जेमॅलॉक या मेमरी वाटून देणाऱ्या लायब्ररीत हा आकार कंपाइल करतानाच, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम बनवतानाच, ठरतो, आणि कंपनीने ते केलं होतं 4 केबीच्या मशीनवर. म्हणजे त्यांच्याकडे खरंच चालत होतं! खोटं बोलत असते तर एवढा राग आला नसता. “पेज साइझ किती?” हे पहिल्याच दिवशी विचारायला काय जात होतं? रेड हॅट 9 मध्ये आर्मलाही 4 केबीचंच पान मिळतं. तिथे पहिल्या झटक्यात उठलं.

म्हणून सांगतो, आधी बाहेरून विकत घेतलेली बायनरी (आधीच कंपाइल केलेला प्रोग्रॅम) चालवा, बाकीचं नंतर. हे मी शेवटी केलं.

कोणती मशीनं चालतात याच्या लिनक्सवाल्यांच्या अधिकृत यादीचाही आधार घ्या, पण बेतानं. डेबियन या लिनक्सचा केफ्रीबीएसडी पोर्ट (लिनक्सऐवजी फ्रीबीएसडीचा कर्नल वापरणारं रूप) 2011 आणि 2013 च्या आवृत्त्यांत ‘टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू’ म्हणून होता, 2015 च्या जेसी आवृत्तीत यादीतून गेला. आर्मचे सुरक्षा अपडेट इंटेलच्याच दिवशी येतात का, तेही महिनाभर टिपून ठेवा.

लोड असताना प्लग उपटून बघायचं राहिलं होतं. ते काम पावसानं केलं, एका आठवड्यात तीनदा वीज गेली. तिन्ही वेळा डेटाबेस आपणहून उभा राहिला, तेव्हा साहेबांना हो म्हटलं. इंटेलचं मशीन मात्र तीन महिने रेप्लिका (डेटाबेसची चालती प्रत) म्हणून चालू ठेवायला लावलंय.