"मले नदी दिसून नाई राह्यली"

दर शुक्रवारी नागपुरात आमच्या नंदनवनच्या गल्लीत मावशी मासे घेऊन येतात. वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याकडच्या आहेत. पंधरा वर्षांपासून आमच्या घरी त्यांचीच मासळी शिजते. नोव्हेंबरात एकदा मासा कापता कापता म्हणाल्या, "भाऊ, तुमचे काका तोंडात टॉर्च धरून जाळं ओढतेत. परवा डोंगा खुंटावर चढला, टॉर्च पाण्यात गेला. तुम्ही इन्वर्टरचं काम करता ना जी? डोंग्याले लाईट नाई लावता येत का?"

येतो की, म्हटलं. मला ते संध्याकाळभराचं काम वाटलं होतं.

डिसेंबरात अमावस्येला दोन दिवस उरले असताना मी निघालो. उमरेड रोड, मग कुही, मांढळ, वेलतूर. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंभोऱ्याला मात्र रविवारची गर्दी अंगावर आली. २०२४ मध्ये वैनगंगेवर नवा केबलचा पूल सुरू झाला, ७०० मीटरहून लांब. त्यावर उभं राहून फोटो काढायला आख्खं नागपूर लोटलं होतं. पूल देखणा आहे, पण चैतन्येश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर चिप्सची पाकिटं पाहून मला चीड आली आणि अजूनही येते. नागपूरची घाण इथं आधीच पोचते आहे. माझ्या घरामागून वाहणारी नाग नदी पुढे कन्हानला मिळते आणि कन्हान इथंच वैनगंगेत शिरते. गोसेखुर्द धरणाचं पाणी तुंबलं की ते सगळं इथं थांबतं. त्यावर इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, माजतो, जाळ्यात गुंततो आणि तासन् तास सोडवत बसावं लागतं. काकांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. मला मात्र वर मान करून त्यांच्याकडे बघवेना.

डोंगा लोखंडी पत्र्याचा, दोन माणसं आणि जाळं मावेल एवढा. मी सोबत १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी नेली होती. शिशाची ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन किलोच्या वर भरते आणि तिच्यातली अर्धीच ताकद वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. ही किलोच्या आत आणि बरीचशी रिकामी केली तरी चालते. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात तिला थर्माकोलचे तुकडे लावून बसवलं आणि डबा मधल्या फळीखाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळला. प्लसच्या वायरवर बॅटरीपासून चार बोटांवर फ्यूज. वायर डब्यात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घेतली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळापाशीच टपकतं, डब्यात जात नाही. प्रत्येक जोडावर स्लीव्ह, टर्मिनलवर व्हॅसलीन. काकांचा मुलगा म्हणाला, मोटारसायकलला करतात तसं मायनस डोंग्याच्या पत्र्यालाच जोडू, वायर वाचेल. मी नाही म्हणालो. पाण्यात बसलेल्या लोखंडातून करंट फिरवला तर पत्रा गंजत जातो. दोन्ही वायरी दिव्यापर्यंत वेगळ्याच न्यायच्या.

आणि डोंग्याच्या तोंडाशी मी २० वॅटचा पांढरा फ्लड, म्हणजे मोठ्या झोताचा दिवा, बसवला. नागपूरहून निघतानाच ठरवलं होतं, अंधारात काम करणाऱ्या माणसाला दिवसासारखा उजेड द्यायचा.

रात्री अकराला आम्ही दोघं निघालो. नदीवर धुकं उतरलं होतं. मी बटण दाबलं आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. धुक्याच्या प्रत्येक थेंबावरून उजेड परत आमच्याच डोळ्यांत येत होता. डोंग्याचा ओला पत्रा आरशासारखा चमकत होता. दोन मिनिटांत किड्यांचे लोट आले, नाकात गेले, तोंडात गेले. काका वल्हं धरून थांबले होते. काही बोलले नाहीत. मग वल्हं मांडीवर ठेवलं, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि दिव्यावर टाकला.

"बंद करा भाऊ. मले नदी दिसून नाई राह्यली."

मी बंद केला. नंतर जे झालं त्यासाठी हे सगळं लिहायला बसलो आहे. पहिली काही मिनिटं ठार काळोख. काका वल्हवत नव्हते, डोंगा आपल्या आपण सरकत होता. डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला वीस मिनिटं, अर्धा तास लागतो, हे मला माहीत होतं. पण नागपुरात अर्धा तास अंधार मिळतो कुठे? हळूहळू पाणी आभाळापेक्षा किंचित उजळ दिसू लागलं. मग त्या उजळीत काळे ठिपके उगवले. एक, तीन, सात. काका हात न उचलता सांगत गेले, "तो मोहा होता. ती चिंच. तिथं आमच्या आबाचं वावर होतं." धरणाखाली गेलेल्या शिवारातले ते खुंट होते. ज्यांना दिव्यानं उजळायला मी आलो होतो, ते काकांना वावराच्या धुऱ्यासकट पाठ होते. डोंगा खुंटावर चढला त्या रात्री काय झालं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. पुलाकडून कुणीतरी पाण्यावर मोठा झोत मारला आणि डोळे दिपले.

तीनच्या सुमारास जाळं उचललं. अंधाऱ्या रात्री माशाला जाळं दिसत नाही, म्हणून अमावस्येची धडपड. जाळ्यावर पांढरा उजेड पडला तर सगळ्यावर पाणी. तरी हातापुरता उजेड हवाच असतो, कारण कटल्याचं डोकं जाळ्यातून सोडवताना धागा तुटला तर दुरुस्तीत दिवस जातो, आणि शिंगाडा माशाचा काटा बोटात घुसला तर आठवडा. दोन रोहू, चार कटले, बाकी किरकोळ. काकांनी ते माझ्या मोबाइलच्या उजेडात सोडवले. मी मोबाइल माझ्या बोटांनी झाकून धरला होता आणि बोटांतून लाल उजेड झिरपत होता. काका म्हणाले, "हा बराय. हा डोळ्यात नाई घुसत."

तिथं मला वाट मिळाली. मंद लाल उजेडानं अंधाराची सवय फारशी मोडत नाही, कारण रात्रीचं बघणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना लाल फारसा जाणवतच नाही. शिवाय किडेही त्याच्याकडे कमी येतात. हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि फ्लड विकत घेताना मला ते आठवलं नव्हतं.

सकाळी मांढळला जाऊन गाड्यांच्या स्पेअरच्या दुकानातून ट्रकच्या अंगावर लावतात ते छोटे एलईडी दिवे आणले. दोन लाल, एक केशरी, प्रत्येकी साठ रुपये, पाणी न शिरणारे. लाल दोन्ही आतल्या बाजूला, गुडघ्याखाली, तोंड तळाकडे. फ्लड काढला नाही. त्याला वेगळं बटण आणि वर अर्ध्या कापलेल्या डब्याची टोपी दिली, धुकं नसताना धक्क्याला लागताना उपयोगी पडेल म्हणून. छोटे तिन्ही दिवे मिळून तीन-एक वॅट. दहा तास जळले तरी तीस वॅट-अवर, आणि बॅटरीत पंचाहत्तरच्या आसपास असतात. म्हणजे एका चार्जवर दोन रात्री. चार्जर मात्र तिचाच हवा, शिशाच्या बॅटरीचा लावायचा नाही, हे मी डब्याच्या झाकणावर खिळ्यानं कोरून आलो.

मुलगा हिरवा दिवा मागत होता. मोबाइलवर पाहिलं होतं त्यानं. पाण्यात हिरवा उजेड सोडला की बारीक जीव जमतात, त्यांच्यामागे बारकी मासळी, तिच्यामागे मोठी. खरं आहे ते. म्हणूनच २०१७ पासून समुद्रात एलईडी लावून मासे ओढण्यावर केंद्राची बंदी आहे. मी लावणार नाही म्हटलं. माझ्याआधी काकाच त्याच्यावर ओरडले, "पिल्लं उचलून नेली तं पुढच्या साली काय धरशीन बे?"

केशरी दिवा उरला होता. तो मावशींनी मागितलेला. दुपारी मरळीचा रस्सा-भात वाढताना त्या म्हणाल्या, "एक मांगं उंच लावा. मले घाटावरून दिसला पायजे. सगळे टॉर्च पांढरेच, कोणता आपला हे समजत नाई." पंधरा वर्षं मी त्यांच्याकडून मासे घेतले आणि त्या रात्री कुठे असतात हे कधी विचारलं नव्हतं. पाहुणा म्हणून मला खाट दिली होती आणि त्या स्वतः घाटावर शेकोटीपाशी बसून होत्या, मी डोंग्यावर होतो त्या रात्रीही. मग केशरी दिवा मागच्या बाजूला चार फुटी बांबूवर चढवला, खाली स्टीलची थाळी अडकवली, म्हणजे काकांच्या डोळ्यांवर उजेड पडणार नाही आणि लांबून चहूकडून दिसेल. थाळी मावशींनीच दिली. पैसे त्यांनी मला देऊ केले, मी घेतले नाहीत, त्यावरून बोलाचाली झाली आणि शेवटी पाच किलो कटला माझ्या डिकीत आला. दुसऱ्याच्या अडचणीच्या घरात पाहुणा होण्यात जी लाज असते ती मला तिथं फार वाटली.

दुसऱ्या रात्री मी डोंग्यावर गेलो नाही. घाटावर मावशींजवळ बसलो. थंडी हाडात शिरत होती. पाण्यावर सात-आठ पांढरे टॉर्च इकडेतिकडे लुकलुकत होते आणि त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर एक केशरी ठिपका स्थिर होता. मावशी त्याच्याकडे बघत तंबाखू मळत होत्या. बोलणं मुलाच्या लग्नाचं, तांदळाच्या भावाचं, माझ्या आईच्या गुडघ्याचं. पहाटे चारच्या आसपास त्या मधेच थांबल्या. ठिपका मला होता तसाच दिसत होता.

"वळले," त्या म्हणाल्या आणि चहाचं पाणी ठेवायला उठल्या.