चौरंगाची नोंद: तिसरा पाय आणि डावी तर्जनी

मागच्या नोंदीत चौरंगाचे दोन पाय बसले इथपर्यंत आलो होतो. मग अकरा आठवडे खंड पडला. तिसऱ्या पायाची खाच साफ करताना १२ मिमीची पटाशी, म्हणजे लाकूड तासायची सपाट छिन्नी, डाव्या तर्जनीच्या बुडाशी शिरली. कालपासून पुन्हा कामाला लागलोय, पण आधी हे लिहून काढायचंय.

काम दोन मिनिटांचं होतं. कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, अर्ध्यावर अडत होतं, आतून केसभर लाकूड काढायचं होतं. जुळतंय का बघायला पाय शिकंज्यातून (लाकूड आवळून धरणाऱ्या पकडीतून) सोडवला होता, तो पुन्हा आवळायचा कंटाळा केला. डाव्या हाताने पाय टेबलावर दाबला आणि उजव्या हाताने पटाशी रेटली. नेमकी तिथे गाठ होती. पटाशी अडली, मी अंगाचा भार दिला, गाठ सुटली आणि पातं सरळ पुढे आलं. पुढे माझाच हात होता. दुखलं नाही. पांढरी रेघ दिसली, आणि बघता बघता ती रक्ताने भरली.

धारही गेलेली होती, हे आता कळतं. सागात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते, आणि मी सकाळपासून पटाशी दगडावर घासलीच नव्हती. धार असती तर एवढा जोर लावावाच लागला नसता.

अंगठी लगेच काढली, कारण सूज चढली की ती कापावी लागते. स्वच्छ पंचा घट्ट दाबून हात छातीच्या वर धरला. शेजारच्या काकू मायेने हळद घेऊन आल्या, त्यांना थांबवलं. जखमेत भरलेलं सगळं डॉक्टरांना आधी धुऊन काढावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाचाहून जास्त वर्षं झाली होती, तेही घेतलं.

दवाखान्यात बोटाचं टोक वाकवून दाखवायला सांगितलं. वाकलं, म्हणजे स्नायूची दोरी शाबूत होती. मग डोळे मिटायला लावून कापसाने बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श केला. अंगठ्याकडच्या कडेला मला काहीच कळलं नाही. मंडळी, ही तपासणी फार महत्त्वाची आहे. जखम लहान दिसली म्हणून पट्टी बांधून घरी बसलो असतो, तर तुटलेली नस (रक्ताची नव्हे, स्पर्श कळवणारी, म्हणजे मज्जातंतू) तशीच राहिली असती. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, केसाहून बारीक टाके घालून नस जोडली.

जोडलेली नस सुरुवातीचे काही आठवडे थांबते आणि मग दिवसाला साधारण १ मिमी वाढते. व्रणापासून टोकाकडे हळूच टकटक करत गेलं की एका जागी झिणझिण्या येतात, नस तिथवर पोचलेली असते. दर रविवारी मी ती जागा मोजतो. काल ती व्रणापासून ३८ मिमीवर होती. टोक अजून ३० मिमी लांब आहे आणि तिथे बोट बधिरच आहे, त्यामुळे गरम कप मी उजव्या हातानेच उचलतो.

कामाच्या जागी दोन बदल केलेत. टेबलाच्या कडेला लाकडाचा ठोकळा पक्का केलाय, त्याला टेकवल्यावर तुकडा पुढे सरकत नाही. आणि पटाशी हातात असताना दोन्ही हात धारेच्या मागे: उजवा मुठीवर, डावा पात्याच्या पाठीवर. एक हात मोकळा ठेवायचा नाही. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण रेघ उलट जास्त सरळ येते. धार दर वीस मिनिटांनी बघतो. कागद उभा धरून पातं ओढलं आणि तो कापला न जाता फाटला तर लगेच दगडाकडे.

तिसऱ्या पायाच्या खाचेच्या काठावर रक्ताचा डाग आत मुरलाय. रंधा मारून निघाला असता, पण ती बाजू आत जाते, म्हणून तसाच ठेवला. काल शिकंजा आवळून, २५ अंशांची ताजी धार लावून ते केसभर लाकूड काढलं. सहा वेळा पटाशी फिरवली. मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांत कुसू आत गेलं, गुण्या लावला, पाय काटकोनात आहे. चौथ्या पायाची आखणी आज संध्याकाळी.