जळत्या ढिगाऱ्यावरची तुरटी आणि नवसागर: पावसाळ्यातील नोंद

गेल्या हिवाळ्यात अदलाबदलीतून मला रशियातील चेल्याबिन्स्क कोळसा खोऱ्यातले, कोपेइस्कच्या खाणीबाहेरील जळत्या टाकाऊ ढिगाऱ्यावरचे दोन नमुने मिळाले. एक म्हणजे गोडोविकोवाइटचा (अमोनियम आणि ॲल्युमिनियमच्या निर्जल सल्फेटचा) पांढरा, ठिसूळ पापुद्रा आणि दुसरा नवसागराच्या स्फटिकांची साय धरलेला शेलचा, म्हणजे चिखलापासून बनलेल्या पापुद्री खडकाचा, भाजलेला तुकडा. पुण्याच्या पावसाळ्यात ते टिकतात का, हे पाहण्यासाठी जूनपासून मी नोंदी ठेवत आहे.

खाणीतून काढलेल्या टाकाऊ खडकात कोळशाचे बारीक तुकडे आणि पायराइट (लोह व गंधकाचे खनिज) उरलेले असते. हवेतील प्राणवायूशी त्यांचा संयोग होताना उष्णता निर्माण होते, ती ढिगाऱ्यातून सहजासहजी बाहेर पडत नाही आणि आतला भाग हळूहळू पेट घेतो. मग भेगांमधून पाण्याची वाफ, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडू लागतात. यांतील अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड भेगेच्या थंड तोंडाशी एकत्र आले की थेट वायूतूनच नवसागर जमतो. कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा उठणारा पांढरा धूर म्हणजे याच क्रियेची उजळणी होय. गोडोविकोवाइटची घडण मात्र वेगळी आहे: गंधकाच्या वायूंपासून तयार झालेले आम्ल शेलमधील ॲल्युमिनियम सोडवते, त्याला अमोनियाची जोड मिळते आणि उष्णतेमुळे पाणी न धरलेले सल्फेट तयार होते.

हे पाणी नसणेच माझ्या अडचणीचे मूळ ठरले. दमट हवेत गोडोविकोवाइट पाणी शोषून चर्मिगाइट, म्हणजे अमोनियमची तुरटी, बनू लागते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात १.२० ग्रॅमचा एक कण मी मुद्दाम उघड्या बशीत ठेवला. पाचव्या दिवशी त्याचे वजन १.६८ ग्रॅम भरले. संपूर्ण रूपांतर झाले असते तर वजन सुमारे १.९ पट व्हायला हवे होते, म्हणजे प्रक्रिया निम्म्याच्याही आतच होती. तरीही भिंगाखाली पाहता कडा फुगून पापुद्र्याला केसासारख्या चिरा पडलेल्या दिसल्या, कारण तुरटीचे घनफळ मूळ खनिजापेक्षा कितीतरी जास्त असते. मुख्य नमुना मात्र हवाबंद डबीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवल्यामुळे अजून कोरडा आहे.

नवसागराच्या बाबतीत चूक माझीच झाली. आर्द्रतामापकाचा काटा ८० टक्क्यांवर असताना मी छायाचित्रासाठी डबी अर्धा तास उघडी ठेवली आणि स्फटिकांच्या टोकांना ओल सुटून त्यांची धार गेली. ती परत आणता येत नाही. गळलेला एक कण मात्र उपयोगी पडला: चिमूटभर ओल्या चुन्यात तो तळहातावर चोळताच अमोनियाचा झणझणीत वास आला. क्वार्ट्झ किंवा जिप्समच्या पांढऱ्या साईपासून ही खनिजे वेगळी ओळखण्याचा घरगुती मार्ग म्हणून मी ही चाचणी मनापासून सुचवतो.

१९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने ज्वलनातून बनलेले पदार्थ यापुढे सर्वसाधारणपणे खनिज मानू नयेत असे ठरवले, कारण आग माणसामुळे लागली की आपोआप, हे सहसा सिद्ध करता येत नाही. गोडोविकोवाइटला मान्यता त्याआधीच मिळाली होती. भेगेच्या तोंडाशी वायूतून स्फटिक ज्या नियमांनी वाढतो, ते ज्वालामुखीवर आणि ढिगाऱ्यावर सारखेच असतात. त्यामुळे माझ्या कपाटात या नमुन्यांना ज्वालामुखीच्या गंधकाशेजारीच जागा आहे.

ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की बशीतील कणाचे वजन पुन्हा घेईन.