जॉर्डन सिस्टर

डॉ. एलिझाबेथ रॉस यांचा वाढदिवस १४ फेब्रुवारीचा. १९१५ साली सर्बियातल्या क्रागुयेवाट्स गावी त्या वारल्या, त्याही १४ फेब्रुवारीलाच. वय ३७. इराणात बख्तियारी लोकांमध्ये डॉक्टरकी करून आलेली ही स्कॉटिश बाई पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर आपणहून सर्बियाला गेली आणि टायफसच्या लष्करी रुग्णालयात उभी राहिली.

टायफॉइड नव्हे, टायफस. तो उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्येच दाखवून दिलं होतं. पण एकेका खाटेवर दोन-दोन सैनिक, अंगावर तेच मळके कपडे, तिथे उवा कुणाकुणाच्या वेचणार? प्रतिजैविकं अजून यायची होती. हाती होती ती नुसती शुश्रूषा: अंग पुसणं, घोटघोट पाणी पाजणं, बरळणाऱ्याला धरून ठेवणं. म्हणजे रोग्यावर वाकणं आलंच. मीही तीस वर्षं संसर्गाच्या वॉर्डात तेच केलं, म्हणून मी रॉसबाईंपेक्षा जास्त घुटमळते ती लुइसा जॉर्डन या सिस्टरपाशी.

ब्रिटिश युद्धखात्याने डॉ. एल्सी इंग्लिस यांना ‘घरी जा आणि गप्प बसा’ असं सुनावलं होतं. त्यांनी मग मित्रदेशांना विचारलं आणि बायकांनीच चालवलेली स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स उभी केली. ग्लासगोच्या जॉर्डन त्यांच्याच तुकडीतून आल्या होत्या. रॉस आजारी पडल्या तेव्हा त्यांची शुश्रूषा जॉर्डन यांनी केली. टायफसचा रोगी कसा जातो, हे इतक्या जवळून पाहिलं. पुढे स्वतःचं डोकं ठणकायला लागलं, ताप चढला, तेव्हा त्यांना कुणी निदान सांगावं लागलं नसणार. ६ मार्चला त्या गेल्या. दोन दिवसांनी त्याच तुकडीतली मॅज नील फ्रेझर, स्कॉटलंडकडून गोल्फ खेळलेली. त्याच महिन्यात ॲग्नेस मिनशलही.

क्रागुयेवाट्समध्ये रॉस यांच्या नावाचा रस्ता आहे. १४ फेब्रुवारीला लोक तिथे त्यांच्या थडग्याशी जमतात.

२०२० मध्ये ग्लासगोत कोविडसाठी तात्पुरतं रुग्णालय उभारलं, त्याला लुइसा जॉर्डन यांचं नाव दिलं. ती बातमी मी रात्रपाळी संपवून, पीपीई किट उतरवल्यावर वाचली. तोवर हे नाव मी ऐकलंही नव्हतं. त्या सकाळी झोपायचं राहूनच गेलं.