तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या लहान ट्रॅक्टरमागे फिरतं कोळपं

"भाऊ, आपल्या जुन्या मिनीमागे ते काटेरी चाकांचं कोळपं चालेल का?"

मृगाचा पाऊस पडला की पिकाच्या ओळींमधलं तण काढणाऱ्या या अवजाराचा हा प्रश्न सुरू होतो, तो पोळ्यापर्यंत थांबत नाही. सोबत बहुतेक वेळा अमेरिकेतल्या एखाद्या जुन्या लाल फार्मऑल कबचा व्हिडिओ असतो. माती भुरभुरत दोन्ही बाजूंना पडतेय, ओळ स्वच्छ, चालवणारा निवांत. विचारणाऱ्याला फक्त हो की नाही एवढंच हवं असतं. मी उलट विचारतो की पेरणी किती फुटांवर आहे, ठिबक आहे का, चेकचेन (मागचं अवजार बाजूला डुलू नये म्हणून लावलेल्या साखळ्या) शाबूत आहेत का. मग लोकांना वाटतं हा टाळतोय. टाळत नाही. या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तरच नाही, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो. बैलाचं कोळपं, रोटाव्हेटर, पॉवर वीडर यांची तुम्हाला माझ्याइतकीच माहिती आहे. ते सोडून देतो.

आधी त्या व्हिडिओबद्दल. कब हा ट्रॅक्टर 1947 ते 1979 या काळात अमेरिकेत बनला. ताकद जेमतेम दहा एचपीच्या आसपास, पण बांधणीच मुळी आंतरमशागतीसाठी, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधल्या कामासाठी. इंजिन एका बाजूला, बसायची जागा दुसऱ्या बाजूला, अवजार पोटाखाली. ओळ आणि अवजार दोन्ही चालवणाऱ्याच्या नजरेसमोर राहतात. 1948 ते 1955 मध्ये बनलेल्या अ‍ॅलिस-चाल्मर्स जी मध्ये तर इंजिनच मागे टाकलेलं, पुढे सगळं मोकळं. आपल्याकडे जे जुने लहान ट्रॅक्टर उरलेत, म्हणजे साडेअठरा एचपीची मित्सुबिशी शक्ती, 25 एचपीचा झेटर 2511, एक सिलिंडरची आयशर, त्यांचं अवजार पाठीमागे थ्री पॉइंटला, म्हणजे तीन दांड्यांच्या जोडणीला. फरक फक्त मान वळवून बघण्याचा नाही. पोटाखालचं अवजार स्टिअरिंगबरोबर त्याच बाजूला जातं. पाठीमागचं अवजार आधी उलट्या बाजूला सरकतं. ओळ जवळ आली म्हणून तुम्ही डावीकडे घेता आणि मागच्या अवजाराची काटेरी चाकं क्षणभर उजवीकडच्या ओळीत शिरतात. चार फुटी कपाशीत त्या क्षणाला जागाच नसते.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांचं बाहेरून बाहेर माप 36 इंच धरा. 48 इंचांच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना 6-6 इंच उरतात, तेही ट्रॅक्टर बरोबर मधोमध चालला तर. आणि या ट्रॅक्टरांचं पोट जमिनीला जवळ, त्यामुळे ओळ पोटाखाली घेऊन चालायचा पर्याय कपाशी टीचभर असेपर्यंतच आहे. पुढे पट्ट्यातूनच चालावं लागतं.

आता अवजार. याला पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, लागत नाही. वाकड्या काट्यांची तीन-चार चाकं एका दांड्यावर ओवलेली, ती गँग. एका पट्ट्याला दोन गँग, डावी आणि उजवी. जमिनीला टेकून ओढलं की ती आपोआप फिरतात. ओढ कमी लागते, म्हणून लहान ट्रॅक्टरला परवडतं, एवढं व्हिडिओतलं खरं आहे. पण माती कुठे जाणार हे ठरवतो कोन, आणि इथेच गावातल्या वर्कशॉपमध्ये बनवलेली निम्मी अवजारं चुकलेली असतात. माती ओळीकडे लोटायची तर गँगचं ओळीकडचं टोक पुढे हवं. ओळीपासून दूर न्यायची तर तेच टोक मागे हवं. कोन डोळ्याने बसवू नका, टेप लावा. गँग 40 सेंमी लांब असेल तर 15 अंशाला दोन टोकांत साधारण 10 सेंमी पुढेमागे फरक पडतो, 25 अंशाला 17. डाव्या-उजव्या गँगचा फरक सारखा नसेल तर अवजार एका अंगाला ओढ घेणारच. मग लोक चेकचेनला दोष देतात.

गँग बसवायची ती टायरच्या मागोमाग, म्हणजे टायरने दाबलेली पट्टी मोकळी होते. मग मधोमध एक पट्टी कोरी राहते. तिथे 8 इंची व्ही पास (व्ही आकाराचं कापणारं पातं) लावलाच पाहिजे, नाहीतर तण मधल्या रांगेत शहाण्यासारखं वाढत राहतं. काट्याचं टोक आधी मातीत शिरलं पाहिजे. गँग उलटी ओवली तर काट्याची पाठ जमिनीवर थापत जाते आणि मशागत झाली असं फक्त लांबून वाटतं. काटे कमानपाट्याच्या पोलादाचे घ्या. साधी पट्टी दुसऱ्याच हंगामात सरळ होते. आणि जुन्या हायड्रोलिकवर खोली सोडू नका, ते तासभरात गळून खाली बसतं. फ्रेमला दोन डेप्थ चाकं लावा आणि खोली त्यांच्यावर धरा: दीड ते दोन इंच, जास्त नको.

वेगाचं विचारता. 50 मीटर टेपने मोजा, दोन खुंट्या ठोका, मोबाईलवर वेळ लावा. 36 सेकंद लागले तर ताशी 5 किलोमीटर, साडेबावीस सेकंद लागले तर 8. हे अवजार हळू चालवलं तर नुसतं घरंगळतं, तण हलवत नाही. खरं काम 7-8 च्या पुढे. आणि तिथेच अडचण आहे, कारण चार पानांच्या कपाशीला तो वेग सोसत नाही.

माझा सल्ला जिथे फसला त्या शेताबद्दल लिहितो, कारण मला विचारणाऱ्यांपैकी निम्मे त्या शेताबद्दल ऐकूनच विचारतात.

तापीकाठची काळी जमीन, चार फूट बाय दीड फूट कपाशी, 24 दिवसांची. एकरी 7,260 झाडं बसतात, म्हणजे एकेक झाड मोलाचं. पाऊस होऊन तीन दिवस झालेले, वरून जमीन वाफशावर आलेली, म्हणजे मशागतीजोगी सुकलेली, दिसत होती. गँगचा कोन 25 अंश, टोक ओळीकडे पुढे. तो कोन मीच सांगितला होता. वेग 9 च्या आसपास, तोही माझाच सल्ला, कारण हळू चालवून काम होत नाही हे मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो. ओळीच्या बाजूचे पत्रे लावलेले नव्हते. गँग आणि रोप यांच्यामध्ये जमिनीलगत चालणारा तो साधा पत्रा, माती अडवण्यासाठी. वर्कशॉपने दिला नव्हता आणि कोणी मागितला नव्हता.

पहिली दोन तासं, म्हणजे दोन पट्टे, बघायला सुंदर. काळीभोर भुसभुशीत माती, तणाचं नाव नाही. तिसऱ्या पट्ट्याला कोणीतरी वाकून पाहिलं तेव्हा ओळच दिसेना. उकरलं तर रोप आडवं, पानं मातीला चिकटलेली, शेंडा गाडलेला. तरी ट्रॅक्टर लगेच थांबला नाही, थांबेपर्यंत बारा तासं झाली. बारा पट्टे म्हणजे तेरा ओळी. 200 फुटांच्या ओळीत सव्वाशेच्या वर रोपं, म्हणजे सगळी मिळून सतराशेच्या घरात. चार बाया लावून संध्याकाळपर्यंत रोपं हाताने मोकळी केली, पण निम्म्याच ओळी झाल्या आणि रात्री पाऊस आला. काट्यांनी बारीक केलेली काळी माती पावसाने थापली गेली, दुसऱ्या दुपारच्या उन्हात तिचा पोपडा झाला. राहिलेल्या ओळींतली रोपं त्या पोपड्याखाली पिवळी पडून गेली. मोकळी केलेल्यांपैकीही ज्यांची मान मातीच्या ढेकळाने चेपली होती ती आठवड्याभरात वाळली. नांग्या भरल्या, म्हणजे गेलेल्या रोपांच्या जागी पुन्हा बी लावलं. पण एवढ्या उशिरा भरलेली नांगी शेजारच्या झाडाच्या सावलीत राहते. त्या झाडांना कैऱ्या (बोंडं) कमी लागल्या, आणि पहिल्या वेचणीला त्या तेरा ओळी बांधावरून ओळखू येत होत्या.

ट्रॅक्टरचा दोष नव्हता. अवजाराचाही नव्हता. 24 दिवसांच्या पिकाला माती ओळीकडे लोटायचीच नसते. त्या वेळी टोक मागे, कोन 10 ते 15 अंश, पत्रे लावलेले, 50 मीटरला 36 ते 40 सेकंद. माती लावायचं काम दीड महिन्यानंतर, बुंधा पेन्सिलीएवढा झाल्यावर. मी दुसऱ्या खेपेची मांडणी पहिल्या खेपेला सांगितली. विचारणाऱ्याने पिकाचं वय सांगितलं नव्हतं हे खरं आहे. ते मी विचारलं नव्हतं हे त्याहून खरं आहे.

तरीही पूर्वीच्या माझ्या एका म्हणण्याशी माझं आज भांडण आहे. तेव्हा मी म्हणायचो की वेग आणि कोन जमला की काळ्या जमिनीतही हे चालतं. आज म्हणतो, त्याआधी वाफसा जमला पाहिजे आणि तोही वरचा नाही, दोन इंचांचा. माती मुठीत दाबा, गोळा होऊन अंगठ्याने फुटला तर चाला. नुसता चेपला तर थांबा. ओली काळी माती काट्यांत भरते, दहा पावलांत चाकाचा गोळा होतो आणि मग ते काटेरी चाक राहत नाही, रूळ होतो. उलट आठ दिवस ऊन लागून भेगा पडल्या की काटे वरून खरडत जातात. या दोन टोकांमध्ये जुलैत कधी तीन दिवस मिळतात, कधी एकच दुपार.

आणि तण. हे मी सर्वांत जास्त वेळा सांगितलंय आणि हेच सर्वांत कमी ऐकलं जातं. मातीचा वरचा पापुद्रा बोटाने सरकवा, पांढऱ्या दोऱ्यासारखे कोंब दिसतील. त्या अवस्थेत हे अवजार जे काम करतं ते निंदणीलाही जमत नाही, कोंब वर येऊन उन्हात मरतात. बोटभर तणालाही चालतं. त्यापुढे नाही. ते मुळं कापत नाही, पास कापतो. केन्याचे तर तुकडे करून पसरवतं, आणि पाऊस आला की प्रत्येक पेरातून नवा केना उभा राहतो. घोळीचंही तसंच. हराळी, लव्हाळा असलेल्या शेतात नेऊच नका.

ठिबकवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. 16 मिमीची नळी ओळीवर सैल पडली असेल तर एकदा काट्यात अडकली की गुंडाळत जाते आणि पुढची 20-25 फूट झाडांसकट ओढून आणते. नळी प्रत्येक दहा-बारा फुटांवर तारेच्या आकड्याने ओळीत दाबून मगच ट्रॅक्टर आत घ्या. ठिबक आहे म्हणून चौफुलीची आडवी कोळपणी गेली, हे नुकसान कोणत्याच अवजाराने भरून निघत नाही. झाडा-झाडांमधलं तण हातानेच काढावं लागणार.

केळीत विचारूच नका. केळीची मुळं वरच्या थरात असतात, काटे ती तोडतात.

बैलजोडी परवडत नाही, निंदणीला माणूस मिळत नाही, म्हणून तुम्ही विचारता हे मला ठाऊक आहे. जमलेल्या दिवशी हे अवजार एका सकाळी जेवढं शेत मोकळं करतं तेवढं बैलाचं कोळपं दोन दिवसांत करत नाही, हेही पाहिलंय. पण वर्षातून असे किती दिवस मिळतील यावर विकत घ्यावं की भाड्याने आणावं हे ठरतं, आणि ते दरवर्षी वेगळं असतं. त्यावर माझं मत अजून ठरत नाही.

घेणारच असाल तर पैसे देण्याआधी ट्रॅक्टर आणि फ्रेम जोडून वर उचला, मागे उभे राहा आणि फ्रेमचं एक टोक हाताने बाजूला ढकला. एका इंचापेक्षा जास्त हललं तर आधी लोअर लिंकचे (जोडणीच्या खालच्या दोन दांड्यांचे) बॉल बदला, चेकचेन ताणा. मग प्रत्येक चाक हाताने फिरवा. जे अडखळतं त्याचं बेअरिंग गेलंय. शेतात ते चाक फिरत नाही, माती साठवत फरफटत जातं आणि ती सगळी माती शेजारच्या ओळीवर टाकतं. ग्रीस दर आठ तासांनी, आणि काम संपल्यावर पुन्हा एकदा, म्हणजे आत शिरलेला चिखल बाहेर येतो. पत्रे मागून घ्या. पत्र्यांशिवाय देत असेल तर घेऊ नका.