कानडी जबाब, मराठी पोर

मी कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. कानडी बरी येते म्हणून जिल्हा बाल संरक्षण घटकाच्या दुभाष्यांच्या यादीत माझं नाव आहे. आमच्याकडं पोरं बोलतात मराठीत आणि जबाब लिहिला जातो कानडीत. पोक्सो कायद्यानं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं, अशा वेळी दुभाषी द्यावाच लागतो.

मुलगी 14 वर्षांची. इन्स्टाग्रामवर ओळख काढून कुणीतरी तिचे फोटो मागवून घेतले, मग धमक्या, मग गावच्या ग्रुपवर. यापेक्षा जास्त सांगणार नाही.

पीएसआय मॅडम घरीच आल्या, साध्या ड्रेसवर. जबाब घेताना गणवेश नको, हेही कायद्यातच आहे. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मिटवूया की. उद्या लग्न करायचंय पोरीचं." कळल्यावर न कळवणं हाच गुन्हा, हे सांगितलं तर ते माझ्याकडं बघतच राहिले. तेवढ्यात काकांनी मोबाईल काढला. "पुरावा हाय माझ्याकडं, तुम्हाला पाठवतो!" मॅडम कानडीत ओरडल्याच, "बेड, बेड!" म्हणजे नको, नको! असा फोटो पुरावा म्हणूनही पुढं पाठवायचा नसतो. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर नुसतं फोनमध्ये ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, असं सांगितलंय. काकांचा चेहरा उतरला.

जबाब वाचून दाखवताना मी अडखळले. 'अश्लील फोटो' असं लिहिलं होतं. दोन्ही भाषांत तोच शब्द. भाषांतराची गरजच नाही, पोरीला थेट कळला. तिनं हळूच विचारलं, "बाई, अश्लील म्हणजे मी काय?"

मी मॅडमना तसंच कानडीत सांगितलं. न्यायालयानं त्याच निकालात 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दही टाळायला सांगितलाय, कारण त्यात झालेला अत्याचार झाकला जातो, तेही बोलले. मॅडम गप्प बसल्या. मग तिचं वाक्य तिच्याच शब्दांत घेऊन तो परिच्छेद नव्यानं लिहिला. अर्धा तास गेला.

शेवटी तिच्याच फोनवर 'टेक इट डाऊन' उघडलं, पोरांचे असे फोटो नेटवरून हटवायला मदत करणारी साइट. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त आकडी ठसा जातो आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारखी मंडळी तो जुळवून फोटो काढून टाकतात. बटण तिनंच दाबलं. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांपर्यंत मात्र तो ठसा पोचत नाही. म्हणून मॅडमनी ग्रुपच्या अॅडमिनचा नंबर विचारला.

वडिलांनीच सांगितला. तोंडपाठ होता.