तिन्ही पत्ते आमचेच

फेब्रुवारीत पॅकहाउसमधून फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. द्राक्षाच्या सीझनमध्ये सगळं सुरळीत असेल तर सॉफ्टवेअरवाल्यांची आठवण कोणाला येत नाही. गेल्या वर्षी, २०२५ च्या फेब्रुवारीतला तो गुरुवार. सव्वातीनला पिंपळगावहून मॅनेजरचा फोन.

"मॅडम, तिकडच्या पार्टीला रेसिड्यूचे रिपोर्ट अर्धे दिसतायत, अर्धे नाही. माझा कंटेनर रॉटरडॅमला उतरलाय. रिपोर्ट दिसल्याशिवाय ते माल हलवत नाहीत. बघा ना जरा."

प्लॉटची नोंदणी, फवारणीची डायरी, लॅबचा रेसिड्यूचा, म्हणजे द्राक्षांत उरलेल्या औषधांच्या अंशांचा, रिपोर्ट आणि पॅलेटचा नंबर आमची सेवा एका दोरीत बांधून ठेवते. आयातदाराने पॅलेट नंबर टाकला की माल कोणत्या बागेतला, ते कळतं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. निफाडला माझ्या मामांची बाग आहे. त्या वर्षीचे त्यांच्या घरातले जेवणाच्या वेळचे चेहरे मला अजून आठवतात. त्यामुळे 'रिपोर्ट दिसत नाही' हे वाक्य मला साधी तक्रार म्हणून ऐकूच येत नाही.

आमचे सर्व्हर ॲमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांत, आणि पार्टीचे, म्हणजे त्या आयातदाराचे, फ्रँकफर्टमध्ये. कॉल, म्हणजे त्यांच्या सिस्टीमने आमच्याकडे माहिती मागायच्या विनंत्या, इंटरनेटवरून जाता कामा नयेत, अशी त्यांची अट होती. रास्तच अट. कुठल्या शेतकऱ्याने कधी काय फवारलं, हे चावडीवर मांडायचं नसतं.

आधी दोन्ही नेटवर्कचं पेअरिंग, म्हणजे थेट जोडणी, करायला गेलो, तर दोन्हीकडे आतल्या पत्त्यांची १०.०.०.०/१६ हीच रेंज. एकाच गट नंबरचे दोन सातबारे! असं असलं की पेअरिंग होतच नाही. राहिला प्रायव्हेटलिंक, ॲमेझॉनचीच खासगी जोडणीची सोय. त्यात आमचं नेटवर्क त्यांना दिसतच नाही. त्यांच्या सबनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या नेटवर्कच्या एका भागात, त्यांच्याच पत्त्यावर एक एंडपॉइंट (जोडणीचं टोक) उभा राहतो. त्यावर आलेला कॉल ॲमेझॉनच्या आतल्या नेटवर्कवरून थेट आमच्या लोड बॅलन्सरपाशी, म्हणजे कॉल सर्व्हरांत वाटून देणाऱ्यापाशी, येतो. बोलायला सुरुवात त्यांनीच करायची, आम्हाला इकडून त्यांच्या घरात शिरता येत नाही. मला ही रचना फार आवडते, कारण ज्याला गरज आहे त्याच्याच हातात कडी असते. २०१७ पासून हे होतं, पण दोघं एकाच रीजनमध्ये असले तरच. फ्रँकफर्टला दुसरा सेटअप उभा करायची आमची तयारी चालली होती, तेवढ्यात २०२४ च्या नोव्हेंबरात ती मर्यादा गेली.

जोडणी फार अवघड नव्हती. आम्ही फ्रँकफर्ट आमच्या सेवेच्या रीजनच्या यादीत टाकलं, त्यांच्या खात्याला परवानगी दिली, त्यांची विनंती स्वीकारली. दुसऱ्या रीजनसाठी वेगळी परवानगी लागते, ती त्यांच्या ॲडमिनकडून यायला थोडा वेळ गेला. सोमवारी ३० कॉल मारून पाहिले. तीसच्या तीस बरोबर.

आणि गुरुवारी हा फोन.

पहिला अर्धा तास मी वाया घालवला. मुंबई ते फ्रँकफर्ट जाऊन-येऊन शंभर मिलिसेकंदांच्या वर लागतात, म्हणून मी अंतरालाच दोष देत बसले. मग टीममधल्या मुलाने लॉग, म्हणजे कॉलची नोंदवही, उघडला. ४२९, ४२९, २००, ४२९. २०० म्हणजे ठीक, ४२९ म्हणजे 'फार कॉल झाले'. म्हणजे कॉल पोहोचत होते, आम्हीच ते परत पाठवत होतो. आमच्याकडे दर पत्त्यामागे मिनिटाला १२० कॉलची मर्यादा आहे. शेजारच्या रकान्यात पाहिलं, तर हजारो ओळींत मिळून पत्ते फक्त तीन. तिन्ही आमचेच, आमच्या लोड बॅलन्सरचे.

प्रायव्हेटलिंकवरून येणारा कॉल सर्व्हरला लोड बॅलन्सरच्या पत्त्यावरून आलेला दिसतो. मूळ पत्ता तिथवर पोहोचत नाही. मी हे वाचलेलं होतं. पण मर्यादेचा नियम तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलाय, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

"मॅडम, लिमिटच काढून टाकू का?" मुलाने विचारलं.

मी नको म्हटलं. ऐन सीझनमध्ये एखाद्याचा प्रोग्राम वेड्यासारखा फिरायला लागला, तर बाकी सगळ्यांचे रिपोर्ट थांबतील. त्या तीन पत्त्यांपुरती मर्यादा वाढवली. चार वाजून दहा मिनिटांनी ४२९ थांबले. मॅनेजरला कळवलं. ते एवढंच म्हणाले, "दिसतंय म्हणतात ते."

खरं काम संध्याकाळचं. लोड बॅलन्सरवर प्रॉक्सी प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती चालू केली की प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला एक हेडर, म्हणजे माहितीची चिठ्ठी, येतो, आणि त्यात मूळ माहिती असते. पण सर्व्हरला तो हेडर वाचता येत नसेल तर जोडणीच तुटते, आणि त्याच लोड बॅलन्सरवर आमची बाकीची गिऱ्हाइकंही होती. म्हणून नवं पोर्ट (वेगळं दार), नवा टार्गेट ग्रुप, म्हणजे कॉल ज्यांना वाटायचे त्या सर्व्हरांचा गट. आधी सर्व्हर तयार, मग हेडर चालू, शेवटी फक्त या पार्टीला तिकडे वळवायचं. हा क्रम मी फळ्यावर लिहून काढला आणि एक एक ओळ पुसतच पुढे गेले.

साडेनऊला मुलाने दाखवलं, "आला बघा त्यांचा पत्ता, १०.०.४.१७. आता यावर मोजतो."

मी त्याचा हात थांबवला. १०.०.४ म्हणजे आपलीही रेंज. उद्या आणखी कोणी जोडलं गेलं आणि त्यांच्याकडेही हाच आकडा निघाला, तर एकाच्या खात्यात दुसऱ्याचे कॉल मोजले जातील. पुन्हा तोच गट नंबर! हेडरमध्ये पत्त्याच्या मागोमाग एंडपॉइंटचा आयडीही येतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मोजायचं त्यावर.

दहा वाजून वीस मिनिटांनी लॉगमध्ये 'व्हीपीसीई'ने, म्हणजे एंडपॉइंटच्या आयडीने, सुरू होणारी पहिली लांबलचक ओळ आली, शेवटी २००. आम्ही दोघंही काही बोललो नाही, पुढच्या ओळी बघत राहिलो.

मॅनेजरला फोन केला तर मागे प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल गार करणाऱ्या, पंख्यांचा आवाज चालू होता. "पुढचा कंटेनर भरतोय," ते ओरडून म्हणाले. "पॅलेटचे नंबर सकाळी टाकतो."